खेळांतील मुका सोबती

गेल्या हिंवाळ्यांत आमचा मुक्काम दोन महिने अमेरिकेंत, शिकागो शहराच्या बाहेर, आमच्या भाच्याच्या घरीं होता. बाहेर गुडघाभर बर्फ, आंत नको तितकी ऊब, आणि हातांत करण्यासारखें काम कांहीं नाहीं, अशी आमची स्थिति होती. अशा वेळीं माणूस दुसऱ्यांच्या उद्योगांत लक्ष घालूं लागतो, आणि आम्ही त्याला अपवाद नाहीं. दर शनिवारीं संध्याकाळीं जेवणाच्या मोठ्या मेजाभोवतीं भाच्याची कन्या आणि तिचे चार स्नेही जमत, कागद, पेन्सिली, नाना आकारांचे फासे आणि एक जाडजूड पुस्तक पसरीत, आणि रात्रीं अकरापर्यंत उठत नसत. कन्येचें वय सोळा. नात्यानें ती आमची नात. आम्हीं पहिल्या शनिवारीं दुरून पाहिलें, दुसऱ्या शनिवारीं खुर्ची थोडी जवळ ओढली, आणि तिसऱ्या शनिवारपासून मेजाच्या टोकाला आमचा चहाचा पेला न सांगतां ठेवला जाऊं लागला. त्या मेजावर जें पाहिलें त्याविषयीं या महिन्यांत लिहावें असें मनांत आहे.

खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरची तरुण मंडळी तो खेळत असेल. पण वडीलधाऱ्यांना त्याची ओळख नसल्यास ती थोडक्यांत करून देतों. मंडळींपैकीं एकजण सूत्रधार होतो. मूळ भाषेंत त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. आम्हांस आपला जुना शब्दच अधिक शोभतो असें वाटतें. जग कसें आहे, दारामागें काय आहे, राक्षस काय करतो, हें सारें तो सांगतो. बाकीचे एकेक सोंग घेतात, कोणी मांत्रिक, कोणी पुरोहित, कोणी चोर. आणि आपलें सोंग त्या प्रसंगीं काय करील तें तोंडानें बोलून सांगतात. काय घडेल याचा संशय असेल तेथें वीस बाजूंचा फासा टाकावयाचा. जिंकणें-हरणें नाहीं. कथा पुढें चालते, आणि ती महिनेच्या महिने, क्वचित् वर्षानुवर्षें चालते. पाठांतर नसलेलें नाटक म्हणा, कीं सोंगट्या नसलेला सारीपाट म्हणा.

आमच्या नातीनें रेंजरचें सोंग घेतलें होतें. रेंजर म्हणजे रानावनांत हिंडणारा, माग काढणारा योद्धा. आणि त्याच्याबरोबर एक जनावर असूं शकतें. नातीचा सोबती लांडगा होता. त्याचें नांव काय, असें आम्हीं सहज विचारलें. "मोत्या," ती म्हणाली. लांडग्याचें नांव मोत्या! वाघाला 'चिमण्या' म्हणून हांक मारावी तसा हा प्रकार. आम्ही मोठ्यानें हंसलों. ती हंसली नाहीं. हें नांव तिला कोठून मिळालें तें आम्हांस त्याच क्षणीं उमगावयास हवें होतें; पण उमगलें नाहीं.

खेळांत जनावर असणें हें आपणांस नवें नाहीं. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती आहेत, घोडे आहेत, उंट आहेत. परंतु घोडा देऊन वजीर मिळत असेल तर घोड्यासाठीं कोणी डोळे पुशीत नाहीं. त्या घोड्याला नांव नसतें. तो मेला तरी पुढच्या डावांत त्याच घरांत पुन्हां उभा असतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा जन्मही अशा पटावरील युद्धांतूनच झाला. सन १९७१ मध्यें गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनीं 'चेनमेल' नांवाचे युद्धखेळाचे नियम छापले. त्यांत मोठ्या लढाईच्या वेळीं एक बाहुली म्हणजे वीस शिपाई असा हिशेब असे. मिनेसोटाकडील डेव्ह आर्नेसन यानें आपल्या 'ब्लॅकमूर' या खेळांत त्याला निराळें वळण दिलें: एक बाहुली म्हणजे एक माणूस, आणि तो माणूस म्हणजे खेळणारा स्वतः. या दोघांच्या मेळांतून सन १९७४ मध्यें तीन लहान पुस्तिकांची एक पेटी बाहेर पडली. पहिली आवृत्ति एक हजार प्रतींची. ती जेथून निघाली तें विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा गांव आम्ही राहत होतों तेथून मोटारीनें दोन तासांच्या आंत आहे. गायगॅक्स सन २००८ मध्यें वारला, आर्नेसन त्याच्या पुढच्या वर्षीं.

वीस शिपायांचा असा एक माणूस झाला, त्या माणसाला नांव मिळालें, आणि नांव असलेल्या माणसाला मग घर, आईबाप, वैरी आणि कुत्रें हवेंसें वाटूं लागलें.

सन १९७६ मध्यें एका पुरवणी-पुस्तकांत 'ड्रूइड' आला. ड्रूइड हे प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित. खेळांतला ड्रूइड हा वृक्ष, पशु आणि ऋतु यांचा उपासक. त्याची कल्पना डेनिस सस्टेअर या गृहस्थाची. गंमतीची गोष्ट अशी कीं, त्याच वर्षीं याच गृहस्थानें स्कॉट रॉबिन्सन याच्याबरोबर 'बनीज अँड बरोज' नांवाचा दुसरा खेळ प्रसिद्ध केला, आणि त्यांत खेळणाऱ्यानें स्वतः सशाचें सोंग घ्यावयाचें होतें. म्हणजे जनावराला सोबतीला घेण्याचा विचार आणि जनावर होऊन पाहण्याचा विचार हे दोन्ही एकाच डोक्यांतून एकाच वर्षीं निघाले. सन १९७८ च्या मोठ्या नियमग्रंथांत ड्रूइडाला पशूशीं मैत्री जोडण्याचा मंत्र मिळाला. त्या जनावराला युक्त्या शिकवितां येत. पण प्रत्येक युक्तीला एक आठवडा लागे, सारें शिक्षण तीन महिन्यांत उरकावें लागे, आणि त्या काळांत मालक आठवड्याहून अधिक दूर राहिला तर जनावर पुन्हां रानटी होई. ज्यानें हा नियम लिहिला त्यानें घरीं कुत्रें पाळलें असावें, असा आमचा तर्क आहे.

मांत्रिकाच्या सोबत्याची हकीकत याहून जुनी आणि काळोखी आहे. त्या सोबत्याला 'फॅमिलिअर' म्हणतात. इंग्लंडांत चेटकिणींचे खटले चालत त्या काळीं म्हाताऱ्या बायकांच्या मांजरांत व बेडकांत सैतानाचे हस्तक वास करतात असें लोक मानीत. सन १५६६ मध्यें चेम्सफर्ड येथील खटल्यांत एका ठिपकेदार पांढऱ्या मांजराचें नांव निघालें, आणि ॲग्नेस वॉटरहाउस या स्त्रीला फांशीं जावें लागलें. ज्या जवळिकीपायीं बिचाऱ्या बायकांचे प्राण गेले तीच खेळांत मांत्रिकाचें भूषण होऊन आली. सन १९७८ च्या नियमानें मांत्रिकानें पितळी शेगडींत कोळसे पेटवून शंभर सुवर्णनाण्यांची धूप-वनस्पति त्यांत टाकावी, मग मांजर, कावळा, ससाणा, घुबड किंवा बेडूक त्याच्याकडे येई. तो प्राणी जवळ असतां त्याचे जीवनगुण मांत्रिकाच्या गुणांत मिळत. पण तो मारला गेला तर त्याच्या दुप्पट गुण मांत्रिक कायमचे गमावी. जीवनगुण म्हणजे जखमा सोसण्याची ताकद. शून्यावर आले कीं माणूस कोसळला. सन २००० च्या तिसऱ्या आवृत्तींत ही शिक्षा अनुभवाच्या गुणांतून वसूल होऊं लागली, आणि दुसरा सोबती मिळावयास एक वर्ष आणि एक दिवस थांबावें लागे. सन २०१४ च्या पांचव्या आवृत्तींत सारें बदललें. आतां तें मांजर म्हणजे मांजराचें रूप घेतलेला एक आत्मा. तें मेलें तर अदृश्य होतें. दहा सुवर्णनाण्यांचे कोळसे आणि धूप, एक तासाचा विधि, कीं मांजर पुन्हां मांडीवर हजर.

या उतरत्या किंमतीविषयीं हळहळ करणारे जुने खेळाडू पुष्कळ आहेत. आमचेंही मन प्रथम त्यांच्याच बाजूला झुकलें. पण सूत्रधारानें (हा कॉलेजांत जाणारा, फार शांत स्वभावाचा मुलगा) आम्हांस जी गोष्ट सांगितली ती विचार करण्यासारखी आहे. तो म्हणाला, "माझे वडील जुन्या नियमानें खेळत. त्यांचें मांजर मेलें तर त्यांचें इतकें नुकसान होई कीं, तें मांजर ते पिशवींतून बाहेरच काढीत नसत. सहा महिने खेळ चालला, पण मांजर कोणी पाहिलें नाहीं." दागिना इतका मोलाचा कीं तो तिजोरींतून निघतच नाहीं, अशांतला हा प्रकार. किंमत फार तर सोबती कपाटांत, किंमत नाहीं तर सोबती कोळशाच्या भावाचा. मधला भाव कोणता असावा हें पन्नास वर्षें झालीं तरी या लोकांचें ठरलेलें दिसत नाहीं.

रेंजरच्या लांडग्याचेंही तेंच. आमच्या मेजावर सन २०१४ चें पुस्तक चाले. त्याप्रमाणें साधारण लांडग्याचे जीवनगुण अकरा. रेंजर पांचव्या पायरीवर गेला म्हणजे त्याच्या लांडग्याचे वीस. लांडग्याला कान आणि नाक तिखट. वासानें अगर आवाजानें कांहीं शोधावयाचें झालें तर फासा दोनदां टाकून वरचा आंकडा धरावा. दुसरा नियम आम्हांस विशेष आवडला: शत्रूच्या पांच फुटांच्या आंत आपल्या पक्षाचा कोणी उभा असेल तर चाव्याच्या वेळींही लांडग्याला असाच दोनदां फासा मिळतो. एकटा लांडगा सामान्य, कळपांतला लांडगा भारी. रानांतला खरा लांडगा ज्यानें पाहिला आहे त्याला हें पटेल. परंतु याच पुस्तकांत एक उणें होतें. लांडग्यानें चावावें असें वाटत असेल तर आज्ञा देण्यांतच रेंजरची पाळी खर्च होई. त्याला स्वतःचा बाण बहुधा सोडतां येत नसे. धन्यानें तोंड उघडलें कीं त्याचे हात बांधले जात, असा तो विचित्र न्याय! खेळणाऱ्यांनीं यावर इतकी कुरकुर केली कीं, सन २०२० च्या पुस्तकांत ही आज्ञा जातांजातां देण्याची सवलत मिळाली, आणि सन २०२४ च्या मुख्य ग्रंथांत तीच कायम झाली. 'पाथफाइंडर' या प्रतिस्पर्धी खेळाच्या सन २०१९ च्या आवृत्तींत प्रत्येकाला एका पाळींत तीन कृति मिळतात, आणि त्यांपैकीं एक जनावराला आज्ञा देण्यांत घालविली तर जनावराला दोन मिळतात. हा हिशेब आम्हांस सरळ वाटला.

दुसऱ्या बाजूची तक्रारही ऐकून घेतली पाहिजे. ज्याच्याजवळ जनावर आहे तो दोन पाळ्या खेळतो, आणि बाकीचे वाट पाहतात. ड्रूइडाला तर सन २०१४ च्या नियमानें एका मंत्रांत आठ लांडगे बोलावितां येत. आठांच्या आठ पाळ्या, आठ फासे, आठ बेरजा! पंगतींत वाढप्यानें एकाच पानापाशीं उभें राहून एकेक पदार्थ आग्रहानें वाढीत बसावें, आणि बाकीच्या मंडळींनीं रिकाम्या पानाकडे पाहत राहावें, तसें तें होई. सन २०२४ मध्यें त्या आठांचा एकच कळप करण्यांत आला. फार चांगलें झालें.

आतां त्या रात्रीची हकीकत. मंडळी एका पुरातन तळघरांत शिरली होती. पुढें लांब बोळ, फरशी सैल, आणि कोठें तरी सांपळा आहे एवढें चोराला कळलेलें. पण कोठें, हें फाशानें त्याला सांगितलें नाहीं. तेव्हां मांत्रिक म्हणाला, "लांडग्याला पुढें पाठव. मेला तर मेला. आठ तासांत दुसरा मिळतो." हें त्याचें म्हणणें नियमाला धरून होतें; सन २०१४ च्या पुस्तकाप्रमाणें सोबती मेल्यास आठ तास खर्चून दुसऱ्या जनावराशीं नातें जोडतां येतें.

नात म्हणाली, "मोत्या जाणार नाहीं."

मग वाद झाला. जीव कोणाचा मोलाचा, माणसाचा कीं जनावराचा. नियम आहे तर तो वापरावयाचा नाहीं कां. हें सारें खोटेंच आहे तर एवढा जिव्हाळा कशाला. मुलें इंग्रजींत भांडत होतीं, पण भांडण आपल्या घरांतल्यासारखेंच होतें. सूत्रधारानें आपल्या पिशवींतून वडिलांचें जुनें, कडा झिजलेलें, सन १९८९ चें पुस्तक काढलें आणि पशुमैत्रीच्या मंत्राचें पान उघडलें. त्यांत असें लिहिलें आहे कीं, मंत्र म्हणणाऱ्याला खरोखरीच त्या प्राण्याचा मित्र व्हावयाचें असेल तरच तो फळतो; मनांत दुसरा कांहीं हेतु असेल तर प्राण्याला तो हटकून कळतो. आणि अशा दुष्ट हेतूंच्या उदाहरणांत, प्राण्याला मारून खाणें याच्या जोडीला, त्याला सांपळ्यांवर पुढें धाडणें हेंही दिलेलें आहे! म्हणजे मांत्रिकाला सुचलेली युक्ति तेव्हांच्या लोकांना इतकी ओळखीची होती कीं, ग्रंथकाराला तिच्यासाठीं नियमांत जागा करावी लागली. "हा नियम आतां चालू नाहीं," सूत्रधार म्हणाला, "मी फक्त वाचून दाखविला." शेवटीं दहा फुटांची काठी घेऊन एकेक फरशी ठोकीत मंडळी पुढें गेली. त्याला अर्धा तास लागला, आणि काठी गेली.

आम्हांला वाटलें, संपलें. पण खरा पेंच पुढच्या दालनांत पडला. तेथें हॉबगॉब्लिन नांवाच्या राक्षसांची टोळी होती. दाराशीं पुरोहित जखमी होऊन पडला होता. दालनाच्या मध्यभागीं टोळीच्या गराड्यांत मोत्या, त्याचे वीसांपैकीं बारा गुण उरलेले. मांत्रिकाजवळ त्या दिवसाचा अग्निगोलाचा शेवटचा मंत्र होता. अग्निगोल वीस फुटांच्या त्रिज्येंत आपपरभाव ठेवीत नाहीं. सहा बाजूंचे आठ फासे टाकावयाचे, सरासरी अठ्ठावीस. नशिबानें अंग चोरतां आलें तरी निम्मे, म्हणजे चौदा. मोत्या वांचत नव्हता. पुरोहित त्रिज्येबाहेर होता. पाळी मांत्रिकाची, त्यामागून राक्षसांची, त्यामागून नातीची आणि मोत्याची.

मांत्रिकानें या वेळीं नियमाचें नांव काढलें नाहीं. तो म्हणाला, "तूं सांग. टाकूं?"

नात बोलेना. मेजावर इतकी शांतता झाली कीं, आम्हीं चहाचा पेला बशींत ठेवला त्याचा आवाज आम्हांसच मोठा वाटला. युधिष्ठिर आणि स्वर्गाच्या दाराशीं त्याच्यामागें आलेला तो कुत्रा, ही गोष्ट आमच्या जिभेवर येऊन उभी राहिली होती. पण म्हाताऱ्यानें अशा वेळीं गोष्टी सांगूं नयेत एवढें शहाणपण आम्हांला उतारवयांत आलें आहे. शिवाय तेथें युधिष्ठिर एकटा उरला होता. येथें दाराशीं एक मित्र पडला होता, आणि निर्णय सोपा नव्हता.

शेवटीं मांत्रिकच म्हणाला, "मी मंत्र धरून ठेवतों. तुझ्या पाळीला मोत्याला बाहेर बोलाव, तो गराड्याबाहेर पडला कीं सोडतों." असें करतां येतें. पण मंत्र धरून ठेवणाऱ्याला मधल्या वेळांत घाव बसला तर चित्त स्थिर राहिलें कीं नाहीं हें फाशानें ठरतें. राक्षसांचा एक बाण त्याला लागला. नऊ गुण गेले. दहा हवे होते. त्यानें फासा टाकला: सहा, आणि दोन मिळवून आठ. मंत्र हवेंत विरला. मोत्या बाहेर आला, चोरानें पुरोहिताला ओढून काढलें, आणि मंडळी दालन, पेटारे, सगळें टाकून पळत सुटली. मांत्रिकानें उरलेल्या सगळ्या चकल्या स्वतःपुढें ओढून घेतल्या आणि कोणाशीं बोलेना.

घरीं जातांना पुरोहित दाराशीं बूट घालीत म्हणाला, "लांडगा वांचला, ठीक. पण त्यासाठीं माझा जीव पणाला लावलात, आणि मला कोणी विचारलें नाहीं." आम्ही त्या रात्रीं आणि नंतरही यावर पुष्कळ विचार केला. मांत्रिकानें केलें तें आम्हांस मनापासून आवडलें. आपला शेवटचा मंत्र आणि आपलें अंग त्यानें दुसऱ्याच्या जनावरासाठीं धोक्यांत घातलें. परंतु पुरोहिताच्या तक्रारीला आमच्याजवळ उत्तर नाहीं. एकत्र कुटुंबांत जे राहिले आहेत त्यांना हें दुखणें नवें नाहीं: दोघांनीं मिळून मोठ्या मनानें कांहीं सोडावें, आणि त्याचा भार तिसऱ्यावर पडावा.

ज्यांच्या घरीं मुलें हा खेळ खेळतात त्यांनीं त्यांना एक सुचवावें. पहिल्या बैठकीलाच, खेळ सुरू होण्यापूर्वीं, जनावरांविषयीं बोलून घ्यावें. जनावर मरूं शकतें कीं नाहीं. मेलें तर तें वर्णन करून सांगावयाचें कीं त्यावर पडदा टाकावयाचा. रॉन एडवर्ड्स या खेळकर्त्यानें सन २००३ मध्यें यासाठीं 'रेषा आणि पडदे' अशी सोपी भाषा सुचविली: रेषेपलीकडची गोष्ट खेळांत येतच नाहीं, पडद्यामागची येते पण दाखविली जात नाहीं. जॉन स्टॅव्ह्रोपोलस याची रीति याहून साधी: फुली काढलेलें एक पत्तें मेजावर ठेवावें, कोणालाही एखादा प्रसंग असह्य झाला तर त्यानें त्याला हात लावावा, आणि कारण न विचारतां मंडळींनीं तो प्रसंग बदलावा. मनुष्यवधाचीं वर्णनें मिटक्या मारीत ऐकणारीं मुलें कुत्र्याच्या विव्हळण्यानें कासावीस होतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. ज्या घरचें कुत्रें नुकतेंच गेलें आहे तेथें तर विचारूंच नका. दुसरें असें कीं, जनावर जनावरासारखें असावें. तें कुलपें उघडीत नाहीं, नकाशे वाचीत नाहीं, भूक लागली तर मध्येंच थांबतें. धन्याला आपल्या जनावराविषयीं पक्षपात असतोच. म्हणून कित्येक मेजांवर तें शेजारच्या खेळाडूच्या हातीं देतात, म्हणजे त्याला स्वतःचें असें मन येतें. ही चाल आम्हांस फार चांगली वाटली, आणि तिनेंच पुढें आम्हांला अडचणींत आणलें.

मंडळी गेल्यावर नात आणि आम्ही पेले विसळीत होतों. ती म्हणाली, "आजोबा, खऱ्या मोत्याचं पुढं काय झालं हो? आजी म्हणायची तो शेजारच्यांकडे राहिला आणि म्हातारा होऊन गेला."

तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. ही अक्काची नात. अक्का, आमची थोरली बहीण, तिला जाऊन तीन वर्षें झालीं. ती दूरध्वनीवरून या मुलीला आमच्या बाळपणच्या गोष्टी सांगे, आणि त्यांत मोत्या असणारच. रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत आमचें घर होतें. सन १९५८ मध्यें वडिलांची पुण्यास बदली झाली. बिऱ्हाड दोन खोल्यांचें, तेथें कुत्र्याला जागा कोठली! शेजाऱ्यांना सांगून ठेवलें होतें, एवढें खरें. ज्या सकाळीं आम्ही निघालों त्या सकाळीं मोत्या एस्. टी. च्या मागें ओढ्यापर्यंत धांवत आला. आम्ही आठ वर्षांचे होतों, मागच्या बाकावर होतों, आणि आम्हीं वळून पाहिलें. अक्कानें पाहिलें नाहीं. तिनें पदराचा बोळा तोंडांत धरला होता. दोन महिन्यांनीं शेजाऱ्यांचें पत्र आलें. मोत्या त्यांच्याकडे जेवला नाहीं, आमच्या बंद दाराशीं पडून असे, आणि मग एके दिवशीं दिसेनासा झाला. तें पत्र वडिलांनीं आम्हांस वाचून दाखविलें होतें. अक्का तेव्हां तेथेंच बसली होती.

नातीला काय सांगावें? अक्कानें साठ वर्षें जी गोष्ट सांगितली ती मोडण्याचा आम्हांला काय अधिकार? पण ती मुलगी सोळा वर्षांची होती, हातांत फडकें घेऊन उभी होती, आणि तिनें नीट विचारलें होतें. आम्हीं सांगितलें. पत्रासकट सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. पेले पुसून झाल्यावर तिनें आपला कागद काढला, मोत्याच्या नांवासमोरचा बाराचा आंकडा खोडून पुन्हां वीस केला, कारण रात्रीच्या विश्रांतीनंतर गुण भरून येतात, आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारीं आम्ही त्या दालनांत परत जाणार आहों. मोत्या तुम्ही चालवाल?"

आम्हीं पुष्कळ नाहीं म्हणून पाहिलें. नियम ठाऊक नाहींत, डोळ्यांना आंकडे दिसत नाहींत, मंडळी तरुण आहे. सूत्रधारानें आमची संमति गृहीतच धरली होती. शनिवारीं चहाच्या पेल्याशेजारीं आमच्यासाठीं वीस बाजूंचा एक निळा फासा ठेवलेला होता. पुरोहितानें स्वतः होऊन आपली खुर्ची आमच्या बाजूला घेतली.

दालनाच्या दाराशीं सूत्रधार थांबला. आंत काळोख, आवाज नाहीं. "मोत्या काय करतो?" त्यानें आम्हांस विचारलें.

"वास घेतो," आम्ही म्हणालों.

वासाच्या कामीं लांडग्याला फासा दोनदां मिळतो. पहिल्यानें तीन पडले. दुसऱ्यासाठीं आम्हीं फासा पुन्हां उचलला आणि मुठींत खुळखुळवीत राहिलों. किती वेळ तें आम्हांस कळलें नाहीं, मांत्रिक चकली मोडतां मोडतां म्हणाला, "आजोबा, टाका आतां."